मशीन दिलं, गिऱ्हाईक कोण देणार?

(आष्टी, जि. बीड इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय कागदावर फार लांबचा वाटतो. लढाया, दंगली, यादवी यांतून बाहेर पडलेल्या देशांत बायकांचे धंदे वाढावेत म्हणून राबणारे स्वयंसेवक. मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलंच, "आपा, आष्टीतून काबूलला कोण निघालंय?" कोणी निघालेलं नाही. आपली पोरं नगर, पुणे, फार तर भिवंडी-मुंब्र्यापर्यंत जातात. तरी हा विषय आपल्या दाराशीच आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं तेच सांगायला उभी आहे.

सुरुवात शेजारच्या जिल्ह्यापासून करू. अधिक कदम हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नगर जिल्ह्यातले, पुण्यात शिकत होते. १९९७ मध्ये मित्रांबरोबर काश्मीरच्या कुपवाड्यात गेले. कुपवाडा म्हणजे नियंत्रण रेषेला टेकलेला जिल्हा. तिथे त्यांना बंदुकीच्या दोन्ही बाजूंनी मारल्या गेलेल्या माणसांच्या मुली दिसल्या. २००२ मध्ये चार मुलींना घेऊन त्यांनी घर सुरू केलं, नाव 'बसेरा-ए-तबस्सुम', हसऱ्या चेहऱ्यांचा निवारा. विचार करा, मराठी हिंदू तरुण, काश्मिरी मुस्लिम मुली, आणि नव्वदच्या दशकातून नुकतंच बाहेर येणारं खोरं. लोकांनी संशय घेतला नसता तरच नवल. पण घर टिकलं, वाढलं, त्यांच्या 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन'ने आणखीही घरं काढली.

माझा मुद्दा पुढचा आहे. मुली मोठ्या झाल्या. अठरा-वीस वर्षांच्या मुलीला "तू अनाथ आहेस" म्हणून किती दिवस सांभाळणार? तिला कमाई हवी. तेव्हा 'राह-ए-निसवाँ' नावाने बायका-मुलींच्या उद्योगाचं काम सुरू झालं. शिवण, मशीनवरची भरतकामाची कलाकुसर, सॅनिटरी नॅपकिन बनवणं. नॅपकिन हा माल मला फार शहाणपणाचा वाटतो. शिवलेला कुडता कुठेही मिळतो. पण डोंगरातल्या गावात, जिथे दुकानदार पुरुष आणि गिऱ्हाईक लाजणारी मुलगी, तिथे हा माल बाईनेच बाईला विकायचा असतो. म्हणजे माल ठरवतानाच गिऱ्हाईक ठरलं.

पुण्याचीच 'असीम फाउंडेशन' ही दुसरी संस्था, सारंग गोसावी यांची. त्यांचंही काम काश्मीरच्या सीमेवरच्या भागात आहे. याच कुपवाड्यात दर्दपोरा नावाचं गाव आहे, त्याला लोक विधवांचं गाव म्हणतात. नावातच दर्द.

काश्मीरमधल्या 'अर्ध्या विधवां'बद्दल वाचलं असेल. नवरा बेपत्ता, पण मेला असं कोणी लिहून देत नाही. त्याच्या नावावरची जमीन तिच्या नावावर होत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, पेन्शन नाही. कायदा म्हणायचा, सात वर्षं माणसाची खबर नसेल तर मेला असं मानता येईल. निकाहाचा प्रश्न वेगळाच. डिसेंबर २०१३ मध्ये श्रीनगरला वेगवेगळ्या मसलकांचे उलेमा एकत्र बसले आणि चार वर्षं वाट पाहिल्यावर तिला दुसरा निकाह करता येईल यावर एकमत झालं. उशिरा झालं, पण झालं. आता अशा बाईला तुम्ही शिलाई मशीन भेट दिलं, हार घातला, फोटो काढला. तिला कापड आणायला भांडवल लागेल, बँक पत्त्याचा पुरावा मागेल, लाइट बिल नवऱ्याच्या नावावर, घराचा उतारा सासऱ्याच्या नावावर. मशीन कोपऱ्यात, त्याच्यावर गोधड्यांची चळत. हे दृश्य बघायला कुपवाड्याला जायची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेलं मशीन असंच झाकून ठेवलेलं असतं.

म्हणून मी स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ जरा रुक्ष लावते. जो तिच्याबरोबर तहसीलला जातो, ग्रामपंचायतीत आठ नंबरचा उतारा काढून देतो, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एक करून देतो, तो स्वयंसेवक. भाषण करणारी मी आज नाही.

जगात दोन ठिकाणची कामं मला या दृष्टीने महत्त्वाची वाटतात. रवांडात १९९४ मध्ये तीन-सव्वातीन महिन्यांत लाखो माणसं कापली गेली. मारणारे आणि मरणारे एकाच गावचे शेजारी होते. मागे बायका राहिल्या, एकीचा नवरा मारलेला, दुसरीचा मारल्याबद्दल तुरुंगात. त्या देशात गवताच्या टोपल्या विणायची जुनी कला आहे. युगांडात निर्वासित म्हणून वाढलेल्या दोन बहिणींनी २००४ मध्ये कंपनी काढली, बायकांना झाडाखाली एकत्र बसवून विणायला शिकवलं, आणि २००५ मध्ये या टोपल्या अमेरिकेतल्या 'मेसीज' या मोठ्या दुकानांत लागल्या. मला यात टोपलीचं कौतुक कमी आहे. मेसीजला हजार टोपल्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, ठरल्या तारखेला लागतात. ते जमवायचं तर दोन्हीकडच्या बायकांना रोज शेजारी बसावं लागतं, एकमेकींच्या चुका उसवाव्या लागतात. सलोख्याच्या सभेला बाई एकदा येते. ऑर्डर असली की रोज येते.

दुसरं ठिकाण काबूल. अहमदाबादच्या इलाबेन भट यांची 'सेवा' संघटना भारत सरकारच्या मदतीने तिथे गेली, २००८ च्या आसपास. आधी अफगाण बायका अहमदाबादला येऊन शिकल्या, मग त्यांनीच काबूलमध्ये बाग-ए-जनानात इतरांना शिकवलं. पहिल्या टप्प्यात हजारभर बायका, बऱ्याचशा युद्धात नवरा गमावलेल्या. शिवण, फळप्रक्रिया, रोपवाटिका. पुढे त्यांनी स्वतःची संस्थाही नोंदवली. शिकवणारी बाई गुजराती, विड्या वळणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांत काम केलेली. शिकणारी फारसी बोलणारी. भाषा अडली, हिशेब अडला नाही. मग ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले. २०२३ च्या जुलैत ब्युटी पार्लरसुद्धा बंद करायला लावली, हजारो बायकांची रोजी गेली. हे मी मुद्दाम सांगते. बाईच्या धंद्याला नुसती हुशारी पुरत नाही. तिला घराबाहेर पडायचा, दुकान मांडायचा हक्क लागतो, आणि तो काढून घेणारे नेहमी दुसऱ्याच धर्माचे असतात असंही नाही.

हे सगळं बाहेरचं झालं. आता आपलं.

मराठवाडाही एकदा अशाच काळातून बाहेर पडलेला आहे. हे आपल्याला शाळेत निम्मंच शिकवलं. रझाकारांचे अत्याचार शिकवले, ते खरेच होते, आणि आपण ते मान्य केलेच पाहिजेत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, तो आपला मुक्तिदिन. त्याच्या आसपास आणि नंतर काय झालं ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. समितीने अगदी सावध अंदाज दिला तोही २७ हजार ते ४० हजार मृत्यूंचा. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे. त्यांच्या खालोखाल जे चार होते त्यात औरंगाबादबरोबर आपलं बीड आहे. हा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला.

माझी नानी त्या काळाला नाव द्यायची नाही. "वो साल" एवढंच म्हणायची. त्या सालानंतर तिच्या आईने गोधड्या शिवून चार लेकरं वाढवली. गोधड्या कोणाच्या? गावातल्या पाटलांच्या, वंजाऱ्यांच्या, ज्यांच्याकडे जुनी लुगडी होती त्यांच्या. मजुरीला ज्वारी मिळायची. त्या वेळी स्वयंसेवक कोण होतं? शेजारची एक म्हातारी, जी घरोघर सांगत फिरली की हिच्याकडे गोधडी टाका, टाका बारीक घालते. एवढंच. पण पुढच्या पन्नास वर्षांची तजवीज त्यात झाली.

सुंदरलाल समितीच्या त्याच अहवालात एक गोष्ट आहे, ती मी जिथे जाते तिथे सांगते. समितीने नोंदवलंय की अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना वाचवलं, आणि एका पेशातल्या माणसांचा एकमेकांवरचा जीव विशेष दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्ला करणाऱ्या हिंदूंपासून वाचवलं, काही ठिकाणी स्वतःचा जीव गमावून. विचार करा, का? एकच सूत, एकच माग, एकच सावकार, एकच बाजार. ज्याच्याकडून कालपर्यंत उसनं सूत घेतलं, त्याचं घर जळताना बघणं जड जातं. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी पुढे दंगलींचा अभ्यास करताना सहा शहरांच्या जोड्या लावून हेच तपासलं. जिथे धंद्याच्या संघटनांत, कामगार संघटनांत दोन्ही समाजांची माणसं एकत्र होती तिथे अफवा पसरली तरी दंगल पेटत नव्हती, किंवा लवकर विझत होती. नुसती रोजची दुआ-सलाम शांत दिवसांत पुरते, वाईट दिवसांत पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ मला प्रिय आहे, पण तो वर्षातून दोनदा. उधारीची वही रोज उघडते.

आणि म्हणूनच बाजारावर घाला आला की मला भीती वाटते. मढी आपल्यापासून काही लांब नाही, शेजारचा पाथर्डी तालुका. कानिफनाथांच्या यात्रेत पिढ्यानपिढ्या सगळ्या जातिधर्मांची दुकानं लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला. बातमी तिथे संपली. पण बांगड्या विकणाऱ्या बाईच्या मनात ती संपत नाही. पुढच्या वर्षी माल भरताना ती निम्माच भरते. भीतीचा खर्च कुठल्याच हिशेबात लिहिला जात नाही. अशा वेळी तुमच्यातले काही फेसबुकवर भांडतात. भांडा. पण त्या बाईचा पाल जिथे लागतो तिथल्या शेजारच्या रेवडीवाल्याशी, नारळवाल्याशी तिचं देणंघेणं किती घट्ट आहे, ते बघायला कोण गेलं?

आता मी दर रविवारी काय करते ते सांगते. आमच्या चौघी-पाच जणींचं काम आहे, संस्था वगैरे नाही. ज्यांना वही लिहिता येत नाही त्यांची वही लिहितो. एक उदाहरण नाव न घेता देते. परकर शिवणारी एक भाभी. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. तिला विचारलं, एका परकरात काय सुटतं? म्हणाली, "अठरा रुपये." कापड शंभरचं, नाडी-दोरा सातचा, दुकानदार एकशे पंचवीस देतो. चोख. दिवसाला आठ परकर, म्हणजे १४४ रुपये. ती खूश होती.

मग आम्ही वहीत सगळं उतरवलं. पंधरवड्यात बारा दिवस शिवण, ९६ परकर, १,७२८ रुपये. त्यातून नगरला कापड आणायची एक फेरी, भाडं-रिक्षा-चहा धरून ३००. वीज, सुया, मशीनची दुरुस्ती १७५. राहिले १,२५३. आणि नगरला गेलेला दिवस धरला तर दिवस झाले तेरा. दिवसाला ९६ रुपये. २०२५-२६ ला रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे आमची उद्योजिका रोहयोच्या मजुरीच्या एक तृतीयांशही कमवत नव्हती, वर दुकानदार पैसे दोन महिन्यांनी द्यायचा. ती वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मतलब मैं दुकानदार को उधार दे रही थी?" हो, भाभी.

यावर आम्ही केलं ते फार मोठं नाही. तिच्यासारख्या आणखी दोघी शोधल्या, त्यातली एक मराठा, एक धनगर. तिघींनी मिळून पूर्ण थान घ्यायचं ठरलं, त्यात मीटरमागे भाव उतरला. नगरला तिघींतली एकच जाते. २०२२ पासून आष्टीहून रेल्वे आहे, तिचा उपयोग असा करायचा. निम्मा माल दुकानाला, निम्मा आठवडी बाजारात स्वतः. बाजारात बसायला भाभी तयार नव्हती, "लोग क्या कहेंगे." मग त्या दोघी बसल्या, ही घरून माल पुरवू लागली. चार महिन्यांनी तीही बसली. कोणी तिला समजावलं नाही. त्या दोघी गिऱ्हाइकाला माप नीट सांगत नव्हत्या, ते तिला बघवेना.

भांडवलाचं बोलते, कारण तुम्ही विचारणारच. आपल्याकडे सुदाचा प्रश्न येतो. मी फतवा द्यायला बसलेली नाही, ज्याचं ईमान त्याच्यापाशी. पण गंमत बघा, जी बाई सूद नको म्हणून बँकेच्या पायरीवर जात नाही, तिच्याच ओट्यावर दर आठवड्याला मायक्रोफायनान्सचा माणूस हप्ता वसूल करतो, आणि त्याचा दर वर्षाला वीस टक्क्यांच्या वरच असतो, बँकेपेक्षा जास्त. दार ठोठावतो म्हणून तो जवळचा. माझं म्हणणं, आपल्या बायकांकडे बिनव्याजी भांडवलाची पद्धत आधीपासून आहे, ती म्हणजे भिशी. दहा जणी, महिन्याला हजार, एकीला एकदम दहा हजार. आजवर भिशीतून दागिना झाला, लेकीचं लग्न झालं, आता कापडाचं थान होऊ द्या. ज्यांना कर्ज चालतं त्यांच्यासाठी मुद्रा आहे, बचत गटांसाठी उमेद आणि माविम आहे, आपल्यासाठी मौलाना आझाद महामंडळ आहे. आणि उद्यम नोंदणी फुकट आहे, हे तरी घरोघर सांगा. तिच्यासाठी कोणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका, तुमच्याच मोबाइलवर करून द्या.

हजरत खदीजांचं नाव आपल्या प्रत्येक जलशात येतं. बायकांनी व्यापार करावा हे सांगायला तेवढं बस होतं. पण त्यांचा धंदा चालायचा कसा, हे कोणी सांगत नाही. भांडवल त्यांचं, माल त्यांचा. शामच्या काफिल्यात माल घेऊन जाणारा माणूस विश्वासू हवा, तो नफ्यात वाटेकरी. त्या विश्वासू तरुणाने परत येऊन पै-पैचा हिशेब दिला. आपली पोरं मालकिणीचं उदाहरण बहिणींना देतात. हिशेब देणाऱ्या तरुणाचं उदाहरण स्वतःला लावून बघा की.

माल कुठला, हेही आपण नीट पाहिलेलं नाही. सगळ्यांना शिवण. एका गल्लीत सहा मशीनं, गिऱ्हाईक तेवढंच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आपले बालाघाटाचे डोंगर त्याने भरलेले. हंगामात पाटीच्या पाटी मातीमोल जाते, कारण पिकलेलं सीताफळ दोन दिवस थांबत नाही. गर काढून गोठवला तर थांबतो. त्याला फ्रीझर लागतो, वीज लागते, फूड लायसन्स लागतं, आणि आधी एक आइस्क्रीमवाला लागतो जो म्हणेल, शंभर किलो मी घेतो. गर काढणाऱ्या बायका डोंगरातल्या वाडी-तांड्यावरच्या, फ्रीझर आणि गिऱ्हाईक गावातल्या आपल्या कुणाचं. सहा महिन्यांपासून आम्ही चौघी हे जुळवतोय, अजून जुळलेलं नाही. अडलंय ते आइस्क्रीमवाल्यापाशी.

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आहे. ज्यांचं बी.कॉम. झालंय, ज्यांना एक्सेल येतं, ज्यांचे मामा-चाचा नगर-पुण्यात आइस्क्रीम, बेकरी, कापड या धंद्यात आहेत, त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव आणि मोबाइल लिहा. येत्या रविवारी अकरा वाजता सात बायकांच्या वह्या बघायच्या आहेत. दोघींना मराठी वाचता येत नाही, एकीला उर्दूच येतं, म्हणून उर्दू लिहिणारी एक मुलगी हवीच आहे. आणि सीताफळाचा हंगाम लागायच्या आत पुण्याला जाऊन दोन-तीन आइस्क्रीमवाल्यांना भेटायचंय. गाडीभाडं आपलं आपण. कोण येतंय?